रिकाम्या डब्याची किंमत
घरातली गाणी, चित्रपट आणि लग्नाचा व्हिडिओ एका जागी ठेवून टीव्हीवर पाहावेत, एवढ्या साध्या अपेक्षेने नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा हार्ड डिस्कचा डबा, घ्यायला निघालेल्या माणसाला इतका मनस्ताप का व्हावा, हे मला उमगत नाही. जाहिरातीतली किंमत बहुधा रिकाम्या डब्याची असते; हार्ड डिस्क वेगळ्या घ्यायच्या. ४ टीबीच्या दोन डिस्कवर रेड १ (दोन्हींवर तोच डेटा, एक बिघडली तरी दुसरी शाबूत) लावले की हाती एकाचीच जागा उरते, आणि संगणक तीही सुमारे ३.६ दाखवतो. हे एक वेळ पचते. खरी चीड येते ती प्रोसेसरची. टीव्हीला एचईव्हीसी (व्हिडिओ कमी जागेत बसवायची एक पद्धत) फाइल उमगली नाही, तर ती चालू असतानाच नॅसला रूपांतरित करावी लागते, आणि हार्डवेअर ट्रान्सकोडिंग, म्हणजे या रूपांतरासाठी चिपमध्येच असलेली खास सोय, नसलेला स्वस्त डबा तिथेच मान टाकतो. खोक्यावर मात्र '४के' ठळक छापलेले असते. डिस्क एसएमआर (माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर चढवलेली, म्हणून लिहायला संथ) आहे की सीएमआर (पट्ट्या सुट्या ठेवलेली), असे विचारले तर दुकानदार असा पाहतो, जणू मी कोथिंबिरीच्या जुडीचे गोत्र विचारले. तीन दिवाळ्या मी 'यंदा घेऊच' म्हणतो आहे, आणि लग्नाचा व्हिडिओ अजून त्याच जुन्या पेन ड्राइव्हवर आहे.