गॅलरीतली सुकी मासळी

परवा सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना पडली : ‘सभासदांनी गॅलरीत सुकी मासळी वाळत घालू नये. वासाचा त्रास होतो.’ नाव कुणाचंच नव्हतं. पण खाली फोटो होता. फोटोत आमची गॅलरी, आमची दोरी आणि दोरीला चिमटे लावून टांगलेले माझ्या माशांच्या टाकीच्या फिल्टरचे मोजे, म्हणजे पाणी गाळायच्या कापडी पिशव्या. त्याखाली अंगठ्यांची रांग. मे महिन्यात अख्खी गच्ची कुरडयांनी अडवतात, त्यांचाही अंगठा होता.

हॉलमध्ये माझी सहा फुटी टाकी आहे, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काठोकाठ भरली तर जवळजवळ 680 लिटर. खालच्या कपाटात संप, म्हणजे फिल्टरची धाकटी टाकी; वरचं पाणी तिथे उतरतं, गाळलं जातं आणि पंपानं परत वर चढतं. टाकीत ऑस्करची जोडी, थोडे सिल्व्हर डॉलर आणि एक सकर. ऑस्कर दाणे गिळत नाही, रवंथ केल्यासारखा चघळतो आणि दोन्ही कल्ल्यांतून भुशाचा ढग सोडतो. सकर टाकी साफ करतो अशी त्याची ख्याती. काच चाटतो हे खरं, पण त्याच्या मागे सदैव वीतभर तपकिरी दोरा लोंबत असतो. तो तुटून खाली पडतो, की लगेच दुसरा सुरू. जिना झाडायला ठेवलेल्या माणसानंच कोपऱ्यात पिंक टाकावी, तसं आहे ते.

हा सगळा ऐवज पाण्यात विरघळण्याआधी पकडायचा, एवढंच मेकॅनिकल फिल्टरचं काम. आधी जाड भोकांचा स्पंज, मग बारीक, मग पांढरं फ्लॉस, आणि त्यानंतरच सिरॅमिक रिंगा, ज्यांवर अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढतात. रिंगा आधी ठेवल्या तर त्यांच्यावरच चिखल बसतो. शिवाय नुसतं पकडून भागत नाही. स्पंजमध्ये अडकलेली घाण बाहेर काढेपर्यंत ती पाण्यातच असते, तिथेच कुजते आणि अमोनिया सोडते. म्हणून मी संपच्या तोंडाशी 200 मायक्रॉनच्या बारीक भोकांचे मोजे लावले. पाणी असं झालं की मासे हवेत तरंगतायत असं वाटावं! पण मोजा जितका चांगला, तितका लवकर तुंबतो. मग तो उलटा करून पाइपच्या धारेखाली धुवायचा आणि उन्हात टाकायचा. साबण चालत नाही. वॉशिंग मशीनबद्दल मी बायकोला विचारलं होतं. तिनं उत्तर दिलं नाही, फक्त मशीनचं झाकण लावलं.

पंपाचं दुखणं वेगळंच. खोक्यावर लिहिलेलं असतं : तासाला 3000 लिटर. हा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचा. संपातून टाकीच्या काठापर्यंत चार-साडेचार फूट चढवा, मध्ये दोन एल्बो टाका, की हातात येणारी धार बघून कीव येते. टाकीतलं पाणी तासाला निदान चार-पाच वेळा फिरायला हवं, आणि ऑस्कर असतील तर त्याहून जास्त. दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, “साहेब, कंपनीचा माल आहे.” आपण पंपाचे पैसे भरतो, कंपनी आकड्यांचे घेते. आणि परत करायला गेलो तर म्हणे, ओला झालाय!

असो. सूचनेपाठोपाठ नाना ‘पाहणी’ला आले.

नाना तिसऱ्या मजल्यावर राहतात. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले, पण पाणीपुरवठा त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. चपला दारात काढून ते थेट टाकीसमोर उभे राहिले आणि मोबाइलचा टॉर्च लावून आडवा उजेड मारला. ऑस्करनं काचेवर धडक दिली. नाना हलले नाहीत.

“टर्बिडिटी किती? गढूळपणा?”

“मोजली नाही.”

“मोजली नाही!” त्यांनी आमच्या हिला हाक मारून काचेचा पेला मागवला. आमचा पाहुण्यांसाठीचा पेला. तो टाकीत बुचकळला, खिडकीशी नेला, एक डोळा मिटला. “पिण्याच्या पाण्याला एक एनटीयू, गढूळपणाचं माप ते. फार तर पाच, तेही दुसरं पाणीच नसेल तर. हे मला पिवळट दिसतंय.”

“नाना, ते टाकीत ठेवलेल्या लाकडाचं टॅनिन आहे. विरघळलेला रंग फिल्टरमध्ये अडकत नाही, त्याला कार्बन लागतो. आणि हे पाणी प्यायचंय कुणाला?”

“का? मासे पीत नाहीत?”

“गोड्या पाण्यातले जवळजवळ पीतच नाहीत. पाणी कल्ल्यांतून आपोआप आत शिरतं. त्यांना उलट ते सारखं बाहेर टाकावं लागतं.”

नानांनी पेला खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, ऑस्करकडे बघितलं. “पाण्यात राहून पाणी पीत नाहीत? मग काय, निर्जळी करतात?”

ऑस्करनं त्याच क्षणी कल्ल्यांतून ढग सोडला. नानांना तो होकार वाटला असावा.

“तुरटी फिरव रे. खडकवासल्याचं पाणी पर्वतीला येतं तेव्हा काय असतं माहितेय? पावसाळ्यात चहा! तुरटी घालायची, गाळाचे गोळे बांधायचे, ते तळाशी बसू द्यायचे, वरचं पाणी वाळूतून सोडायचं, झालं! आणि वाळू तुंबली की उलटं पाणी मारायचं. बॅकवॉश! मोजे कसले धुतोस?”

तुरटीनं पाणी आम्लाकडे झुकतं आणि त्यातलं अ‍ॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना मारक ठरतं, हे मी सांगितलं. ते म्हणाले, “पुण्यानं इतकी वर्षं प्यायलं.” पुण्याला कल्ले नाहीत, हे वाक्य मी गिळलं. वयाचा मान.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा अहवाल आला : ‘प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली. सुकी मासळी नाही. माशांची विष्ठा वाळत घातली जाते. सभासदांनी गैरसमज करून घेऊ नये.’

या खेपेस अंगठे नव्हते. सेक्रेटरींचा खासगी संदेश मात्र आला : टाकीला पाणी किती लागतं? म्हटलं, आठवड्याला दीडशे लिटरच्या आसपास, आणि काढलेलं सगळं बादल्यांनी खाली नेऊन मी सोसायटीच्या जास्वंदींना घालतो. त्यात नायट्रेट असतं, म्हणून त्या जास्वंदी अशा माजल्यात. त्याच जास्वंदींशेजारी रोज सकाळी पाइप चालू सोडून गाड्या धुतल्या जातात. त्यांना कुणी लिटर विचारले? पूजेला फुलं तोडून नेणाऱ्यांपैकी एकानं तरी बादलीला हात लावला? आमच्या दोरीचा मात्र फोटो! खालून झूम करून काढलेला, म्हणजे हौसही दांडगी.

आता मोजे बाथरूममध्ये वाळतात. म्हणजे वाळत नाहीत, नुसते टांगलेले असतात, आणि वास आता सोसायटीऐवजी आम्हालाच येतो. बाजारात कापडाचा रोल आपोआप पुढे सरकवणारा फिल्टर मिळतो. घाण झालेलं कापड गुंडाळून टाकून द्यायचं, धुणं नाही, दोरी नाही. त्याची किंमत बायकोनं माझ्या आधी पाहिली.

काल नाना जिन्यात भेटले. कुंडीतल्या गुलाबाला कळ्या धरत नाहीत म्हणाले. “तुझ्या त्या मोज्यांतला गाळ चांगला असणार खताला. पाठवून देत जा.”

“देतो की. बादलीभर निघतो.”

“हो, पण बादली नको रे, घरात वास मारेल,” नाना म्हणाले. “जरा गाळून पाठव.”