त्र्यंबकच्या डोंगरावर दिसतोय तो शुक्र आहे

सध्या, म्हणजे जानेवारी २०२५मध्ये, नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, शाळांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. काळ्या पडद्यावर थरथरणारी पांढरट-हिरवी चकती, मागे दोन-तीन माणसांचे घाबरलेले आवाज आणि खाली हा मजकूर:

“नाशिककरांनो, रोज रात्री नऊ ते साडेनऊ त्र्यंबकच्या डोंगरावर उडती तबकडी उभी राहते. सारखे रंग बदलते. आमच्या गाडीचा पाठलाग केला. शेजारी एक छोटी तबकडी आहे, ती रोज जवळ सरकतेय. आम्ही चौघांनी तिला इकडून तिकडे हलताना पाहिलं. साडेनऊनंतर क्षणात गायब. विमान नाही, अ‍ॅपवर तपासलंय. ओझर आणि देवळालीवर नजर ठेवून आहेत. डिलीट होण्याआधी सगळ्यांना पाठवा.”

हा शुक्र आहे. आपली रोजची शुक्राची चांदणी. जानेवारी २०२५चा हा अख्खा महिना सूर्य मावळला की ती पश्चिमेला चमकायला लागते आणि रात्री पावणेदहाच्या आसपास मावळते. १० जानेवारीला ती सूर्यापासून ४७ अंशांवर होती. शुक्र आकाशात सूर्यापासून याहून फार लांब कधीच जात नाही, म्हणून सध्या तो सूर्यास्तानंतर तीन तासांहून जास्त वेळ दिसतोय. चंद्र सोडला तर रात्रीच्या आकाशात त्याच्याइतकं तेजस्वी दुसरं काही नसतं.

एवढं सांगून थांबता आलं असतं. पण मजकूर लिहिणाऱ्याने जे पाहिलं ते बरंचसं खरंच तसं दिसतं. रंग बदलतात, वस्तू गाडीबरोबर येते, क्षणात नाहीशी होते. नुसतं “शुक्र आहे, घाबरू नका” म्हटलं तर ज्याने हे डोळ्यांनी पाहिलं त्याचं समाधान होणार नाही, आणि व्हायलाही नको. आमच्या इमारतीतली लहान मुलं अंधार पडल्यावर गच्चीवर जात नाहीत. त्र्यंबक रोडवर लोक रात्री गाड्या कडेला लावून, वाहत्या रस्त्याकडे पाठ करून शूटिंग करताहेत. तेव्हा एकेक मुद्दा नीटच घेऊ.

“त्र्यंबकच्या डोंगरावर उभी राहते.” माझ्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा दावा, कारण तो एका फोनवर तपासता येतो. नाशिकहून पाहिलं की ती वस्तू पश्चिमेला, अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या रांगेच्या बाजूला दिसते. आता नकाशा उघडा. त्या रांगेच्या पलीकडे, आणखी पश्चिमेला जव्हार आहे. वस्तू खरोखर डोंगरावर तरंगत असेल तर जव्हारच्या माणसाला ती पूर्वेला दिसायला हवी, कारण डोंगर त्याच्या पूर्वेला आहे. माझा मावसभाऊ तिकडे राहतो. त्याला रात्री नऊला बाहेर येऊन बघायला सांगितलं. पूर्वेला डोंगरावर काही नव्हतं. तो लखलखीत दिवा त्यालाही पश्चिमेलाच दिसत होता, समुद्राच्या बाजूला. पुण्याच्या माणसाला विचारा, छत्रपती संभाजीनगरच्या विचारा, तोही पश्चिमेलाच हात करील. दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या गावांतून एकाच वेळी एकाच दिशेला दिसणारी वस्तू त्र्यंबकवर असूच शकत नाही. ती फार म्हणजे फारच लांब आहे. शुक्र सध्या आपल्यापासून सुमारे नऊ कोटी किलोमीटरवर आहे.

गाडीच्या पाठलागाचं उत्तरही यातच आलं. रस्त्याकडेची झाडं झरझर मागे जातात, लांबचे डोंगर सावकाश सरकतात, आणि नऊ कोटी किलोमीटरवरची वस्तू तुम्ही सातपूरहून अंजनेरी फाट्यापर्यंत गेलात तरी दिशा बदलत नाही. लहानपणी एसटीच्या खिडकीतून चंद्र आपल्याबरोबर पळताना सगळ्यांनी पाहिलाय. गाडी थांबली की तबकडीही थांबते, असं व्हिडिओतला माणूस ओरडून सांगतोय. ते अगदी बरोबर आहे आणि ते पाठलागाच्या विरोधातच जातं.

रंगांचं कारण मात्र हवेत आहे. रात्री नऊला शुक्र क्षितिजापासून साधारण अकरा अंशांवर असतो. हात लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी दहा अंश भरते, म्हणजे जेमतेम एक मूठ वर. तिथून येणारा प्रकाश डोक्यावरून येणाऱ्या प्रकाशाच्या पाचपट हवा ओलांडून येतो. क्षितिजाला टेकताना हे प्रमाण चाळीसपटीच्या घरात जातं. त्यात नाशिकचा जानेवारी. जमिनीलगत गार हवा साचलेली, तिच्यावर ऊबदार थर, शेकोट्यांचा धूर. असे थर एकमेकांवर सरकत असतात आणि प्रत्येक थर प्रकाशाला थोडा वेगळा वाकवतो. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा किंचित जास्त वाकतो, त्यामुळे एकाच प्रकाशाचे रंग सुटे होऊन आलटून पालटून डोळ्यांत शिरतात.

परवा मी साधी दुर्बीण गच्चीच्या कठड्यावर घट्ट टेकवून हे पाहिलं. शुक्राची वरची कड हिरवट-निळी, खालची कड तांबडी, आणि सगळं रूप तव्यावरच्या थेंबासारखं तडतडत होतं. त्याच संध्याकाळी सात वाजता, तो बराच वर असताना, त्याच दुर्बिणीतून तो शांत, पांढराशुभ्र दिसला होता. शुक्रात काहीच बदललं नव्हतं. मधली हवा वाढली होती.

आता व्हिडिओतली ती चकती. अनेकांचा विश्वास तिथेच बसलाय, कारण डोळ्याला तांदळाच्या कणीसारखा दिसणारा बिंदू पडद्यावर कडा असलेली, आत वलयं असलेली, फुगणारी-आकसणारी गोल वस्तू होतो. मोबाइलचा कॅमेरा काळ्या आकाशात फोकस शोधत राहतो. त्याला धरायला ना कड सापडते ना रेघ. लेन्स पुढे-मागे होत राहते आणि फोकस सुटलेला कुठलाही तेजस्वी बिंदू चकतीसारखा पसरतो. त्या चकतीचा आकार लेन्सच्या भोकाचा असतो, आकाशातल्या वस्तूचा नसतो. वर तीसपट झूम केला की कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर जे दिसतच नाही तेही अंदाजाने भरून काढतं. शुक्राचं बिंब सध्या चंद्राच्या बिंबाच्या सुमारे पासष्टाव्या भागाएवढं आहे. हातात धरलेल्या फोनला त्याचा खरा आकार दिसण्याची शक्यता नाही.

हे पटवून घ्यायचं असेल तर व्हिडिओ काढला त्याच जागी उभे राहा, तेवढाच झूम ठेवा आणि कॅमेरा लांबच्या मोबाइल टॉवरवरच्या लाल दिव्याकडे धरा. फोकस सुटला की तोही तबकडी होतो, त्यातही वलयं दिसतात, तीही धडधडतात. मी मखमलाबादच्या बाजूच्या एका पथदिव्यावर हे करून पाहिलं आणि इमारतीतल्या मुलांना दाखवलं. त्यानंतर त्यांनी स्वतःच शेजारच्यांच्या बल्बच्या तबकड्या काढल्या.

छोट्या दुर्बिणीतून, चाळीस-पन्नासपट मोठा करून पाहिलात तर शुक्राचा खरा आकार दिसतो: अर्धा चंद्र. १६१०मध्ये गॅलिलिओने शुक्राच्या कला पाहिल्या त्या याच.

“शेजारी छोटी तबकडी, रोज जवळ सरकतेय.” हे निरीक्षण ज्याने केलं त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. तो शनी आहे. शुक्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज साधारण एक अंश पुढे सरकतोय, शनी जवळजवळ जागेवरच आहे. १८ जानेवारीच्या सुमाराला दोघं आकाशात सगळ्यात जवळ होते, त्यांच्यात चंद्राची चार-पाच बिंबं मावतील एवढंच अंतर होतं. मेसेज निघाला तेव्हा छोटी चांदणी जवळ येत होती, आता लांब चाललीय. दोन्ही एका रेषेत दिसतात, पण शनी आहे दीडशे कोटी किलोमीटरवर. काही ग्रुपवर “पूर्वेलाही एक तांबडी आहे” अशी भर पडलीय. तो मंगळ. १६ जानेवारीला तो सूर्याच्या बरोबर समोर आला होता, म्हणून या दिवसांत एवढा ठळक दिसतोय.

क्षणात गायब होण्याचं आश्चर्य वाटणं साहजिक आहे. सूर्य किंवा चंद्र मावळताना बिंब हळूहळू बुडतं, शुक्र मात्र डोळ्याला बिंदू आहे. डोंगराची कड आडवी आली की संपलं. नाशिकहून त्या रांगा क्षितिजापासून एक-दोन अंश वर येतात, म्हणून पंचांगातल्या किंवा अ‍ॅपमधल्या अस्ताच्या वेळेच्या काही मिनिटं आधीच तो दिसेनासा होतो. “एकाच जागी उभी राहते” हेही तपासा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या कडेला डोळा लावून, डोकं न हलवता दोन मिनिटं बघा. तेवढ्यात शुक्र चंद्राच्या बिंबाएवढा खाली उतरलेला असतो.

रोज तीच वेळ का, असं एका ताईंनी मला विचारलं आणि प्रश्न चांगला आहे. तारे रोज चार मिनिटं लवकर मावळतात. शुक्र स्वतः पूर्वेकडे सरकत असल्याने जानेवारीत हा फरक जवळपास भरून निघतो, आणि सगळा महिना तो पावणेदहाच्या आगेमागेच मावळतो. मार्चमध्ये असं राहणार नाही.

चौघांनी हलताना पाहिलं म्हणजे खरंच, हे अनेकांना बिनतोड वाटतं. पूर्ण अंधारात एकुलता एक बिंदू टक लावून पाहिला की तो हलताना भासतो. डोळ्यांच्या बारीक हालचाली सुरूच असतात आणि तुलनेला शेजारी काही नसतं. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९३५मध्ये याच भासावर प्रयोग केले. अंधाऱ्या खोलीत एक स्थिर ठिपका दाखवायचा आणि तो किती हलला ते विचारायचं. एकेकट्याची उत्तरं वेगवेगळी आली. तीच माणसं एकत्र बसवल्यावर उत्तरं एकमेकांच्या जवळ येत गेली. कोणी खोटं बोलत नव्हतं. “बघ, डावीकडे गेली!” असं एकाने म्हटल्यावर बाकीच्या तिघांना ती डावीकडे जाताना दिसणं हे माणसाच्या डोळ्यांना धरूनच आहे. डोळा आणि शुक्र यांच्यामध्ये विजेच्या खांबाची कड धरा, हालचाल थांबते.

विमान नाही, हे बरोबर. विमानांच्या अ‍ॅपवर ते सापडणार नाही. स्टेलॅरियमसारखं आकाशाचं अ‍ॅप उघडून फोन तिकडे धरा, नाव समोर येईल. तपासायची इच्छा होती, अ‍ॅप चुकीचं निवडलं.

ओझर-देवळालीचा मुद्दा मला सगळ्यात काळजीचा वाटतो, कारण त्यात भीतीबरोबर संशयही पेरलाय. ओझरला हवाई दलाचा तळ आहे, देवळालीला लष्कराची छावणी. ओझर नाशिक शहराच्या ईशान्येला, देवळाली दक्षिणेकडे. पाळत ठेवणारा पश्चिमेच्या डोंगरावर झगझगीत दिवा लावून बसेल का, हा साधा विचार करा. ही चूक सैन्याकडूनही झालेली आहे. लडाखमध्ये ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात आपल्या जवानांनी ३२९ वेळा आकाशात संशयास्पद दिवे नोंदवले आणि त्यांतल्या १५५ वेळा ते सीमा ओलांडून आल्याची नोंद केली. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दिशा आणि वेळा ताऱ्यांशी ताडून पाहिल्या तेव्हा ते शुक्र आणि गुरू निघाले. जानेवारी २०११मध्ये टोराँटोहून झुरिकला जाणाऱ्या विमानाच्या सहवैमानिकाने झोपेतून उठल्या उठल्या शुक्राला समोरून येणारं विमान समजून नाक खाली दाबलं, १६ जण जखमी झाले. सीमेवरचा जवान आणि वैमानिक फसू शकतात, तर रात्री घरी परतणाऱ्या माणसाने लाजायचं काहीच कारण नाही.

आकाशात खरंच वेगळं काही घडतं तेव्हा ते कसं दिसतं, हे महाराष्ट्राने २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी पाहिलं. जळत्या तुकड्यांची रांग आकाश ओलांडून गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ धातूचं भलंमोठं कडं पडलं. तो चिनी रॉकेटचा अवशेष होता. ती रांग सरकत होती, काही वेळात संपली, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत आली नाही. असं काही दिसलं तर वेळ, दिशा, क्षितिजापासून किती मुठी उंच आणि किती मिनिटं, एवढं लिहून ठेवा. झूम केलेल्या व्हिडिओपेक्षा त्या चार ओळी जास्त कामाच्या असतात.

आणि दोन्ही बाजूंना तपासता येईल अशी एक गोष्ट. मेसेज म्हणतो, ते आपल्यावर नजर ठेवून आहेत. मी म्हणतो, फेब्रुवारीच्या मध्याला हा दिवा आणखी तेजस्वी होईल, मग रोज लवकर मावळू लागेल आणि मार्चच्या उत्तरार्धात संध्याकाळच्या आकाशातून जाईल. घरात पंचांग असेल तर मार्चचं पान उघडा, पश्चिमेला शुक्राचा अस्त छापलेला आहे. लग्नाचे मुहूर्त काढणारे तो आधीच बघून बसलेत. २३ मार्च २०२५ला शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जाईल. एप्रिल उजाडेपर्यंत तोच दिवा पहाटे पूर्वेला, नाशिकहून निफाडच्या बाजूला वर येऊ लागेल. तेव्हा तिकडून असाच व्हिडिओ आला तर पाठवणाऱ्याला पहिल्यांदा वेळ आणि दिशा विचारा.