एकमेकांवर आलेल्या इंडेक्स-पट्ट्यांविषयीच्या प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. माझा लेख ॲरेविषयी, म्हणजे क्रमांकित जागांत ठेवलेल्या मूल्यांच्या रांगेविषयी होता; जागेचा क्रमांक म्हणजे इंडेक्स आणि सलग जागांचा तुकडा म्हणजे पट्टा. एकमेकांवर येणाऱ्या पट्ट्यांवर एकेक करून काम करणारा त्यातील लूप आपल्याला पटला नाही, याबद्दल तक्रार नाही. मात्र "पट्टे एकमेकांवर आले तरी सगळे इंडेक्स जोडून एका ओळीत काम होते आणि उत्तर तेच येते; हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मोठ्या ॲरेवर कधी कामच केलेले नसावे" हे आपले वाक्य मला लागले. त्याचा पूर्वार्ध तपासून पाहता येतो. उत्तरार्ध केवळ हिणवण्यासाठी लिहिलेला आहे, आणि अशा सुरात सांगितलेले खरेही ऐकावेसे वाटत नाही.

एक चूक मान्य करतो. लेखात मी "2 ते 6" असे लिहिले, पण स्लाइसमध्ये, म्हणजे 2:6 असा सुरुवात व शेवट देऊन घेतलेल्या पट्ट्यात, 6 ही जागा धरली जात नाही हे सांगायचे राहिले. ती दुरुस्ती केली आहे.

आता आपले "उत्तर तेच येते". दहा शून्यांचा ॲरे घ्या आणि 2:6 व 4:8 या दोन स्लाइसमध्ये एकामागून एक 1 मिळवा. 4 आणि 5 या सामाईक जागांवर 2 येतात, आणि तेच बरोबर आहे. आपल्या पद्धतीने आठ इंडेक्सची एकच यादी करून 1 मिळवला, तर नमपाय (पायथन भाषेतील ॲरे हाताळणारी लायब्ररी) आधी आठही जुनी मूल्ये वाचतो, प्रत्येकात 1 मिळवतो आणि मग ती परत लिहितो. त्यामुळे 4 आणि 5 या जागा दोनदा लिहिल्या जाऊनही तेथे 1 च उरतो. एरर येत नाही, साधी वॉर्निंगही येत नाही. नेमके यासाठीच, म्हणजे पुन्हा आलेल्या इंडेक्सची बेरीजही धरली जावी म्हणून, नमपायमध्ये ॲड.ॲट (add.at) हे वेगळे फंक्शन आहे, आणि आपल्या प्रतिक्रियेत त्याचे नावही नाही.

आपण बेरजेबद्दल नव्हे, केवळ नवे मूल्य ठेवण्याबद्दल बोलत होता, असे म्हणाल. नमपायमध्ये तेथे सहसा शेवटचे मूल्य टिकते, हे खरे आहे. पण तीच सवय घेऊन पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीकडे गेलात, तर तिच्या इंडेक्स-पुट (index_put) या फंक्शनमध्ये बेरीज करण्याचा पर्याय बंद असताना तोच इंडेक्स पुन्हा आला, की काय उरेल याची हमी त्याचे डॉक्युमेंटेशनच देत नाही. सामाईक जागेवर कोणत्या पट्ट्याचा अधिकार चालेल, हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा निर्णय आहे, आणि तो वाचणाऱ्याला दिसावा म्हणूनच मी क्रमाने स्लाइस लिहिल्या.

मोठ्या ॲरेवर काम केले की नाही, हे तुम्ही मला विचारू शकला असता. मी अनेक वर्षे फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेमध्ये आणि नंतर नमपायमध्ये सिग्नलची मोजमापे हाताळली आहेत. एका कामात एकमेकांवर येणाऱ्या खिडक्यांची (सिग्नलच्या तुकड्यांची) बेरीज मी तुमच्यासारखीच इंडेक्स जोडून केली होती. जोडाच्या जागी सिग्नल दबलेला दिसे, आणि मी तीन दिवस मोजयंत्राला दोष देत राहिलो. लेखातील लूप त्या तीन दिवसांतून आला आहे. तुमच्या एका ओळीने तो अडाणीपणा ठरत नाही.

बाकीच्या आक्षेपांना फार वेळ देत नाही. लूप हळू चालेल म्हणाल, तर तो पट्ट्यांच्या संख्येइतका फिरतो, जागांच्या संख्येइतका नाही. उलट दहा लाख जागांची इंडेक्स-यादी 64 बिटांत ठेवली, तर तिलाच 80 लाख बाइट लागतात, आणि स्लाइसला फक्त सुरुवात, शेवट व पायरी पुरते. ॲरेचा भाग त्याच ॲरेत एक जागा पुढे सरकवण्याबद्दल मी लिहिले नाही, कारण लेखाचा तो विषयच नव्हता. फोरट्रान 90 मध्ये उजवी बाजू पूर्ण मोजल्यावरच डावीकडे लिहिले जाते, आणि नमपायच्या गणिती क्रियांतही 2017 मधील 1.13 आवृत्तीपासून, वाचायची आणि लिहायची मेमरी एकमेकांवर आली तर गरजेप्रमाणे तात्पुरती प्रत काढली जाते.

दहा शून्यांचे ते उदाहरण मात्र आपण स्वतः चालवून पाहा आणि 4 व 5 या जागांवर काय आले, ते येथेच लिहा.