पट्टी कापली की माल तुमचा

गाडी उचलणं सोपं असतं. पाटेवाल्याकडे, म्हणजे गाडीचे स्प्रिंगचे पाटे करणाऱ्याकडे जायचं, मागे एक जादा पाटा टाकायचा, पुढच्या पाट्यांची कमान वाढवून घ्यायची, की जुनी महिंद्रा पिकअप दोन इंच वर. कमान मात्र गार दाबूनच वाढवायची. गॅसवर लाल करून दिली तर पाट्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि थोड्याच दिवसांत गाडी होती तिथं येऊन बसते.

छळ सुरू होतो त्यानंतर. उचललेल्या गाडीला मॉडेल उरत नाही, नुसती मापं उरतात. आणि आपल्याकडचा स्पेअरचा सगळा धंदा मॉडेलवर चालतो.

गाडी वर गेली की शॉकअप, म्हणजे धक्के झेलणारे शॉक अॅब्झॉर्बर, लांब लागतात. परवा कोल्हापुरातल्या एका दुकानात मागचे शॉकअप घ्यायला गेलो. चिठ्ठीवर मापं तयार होती. हाऊसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आडवा आख, मोकळं लोंबकळत सोडून वरच्या पिनेपासून खालच्या पिनेपर्यंत ५३० मिलिमीटर, आणि हाऊसिंग बंप स्टॉपरला, म्हणजे वरच्या रबरी ठोकळ्याला, टेकवून ३७५. म्हणजे दोन्हीकडे वीस मिलीची सूट धरून शॉकअप उघडलेला किमान ५५० हवा आणि मिटलेला ३५५ च्या आत. उघडताना आखूड पडला, की चाक खड्ड्यात उतरताना सगळं हाऊसिंग शॉकअपलाच टांगलं जातं. आधी सील तेल सोडतं, मग चेसीवरची पिन तुटते. मिटताना लांब पडला तर स्टॉपरच्या आधी शॉकअपच टेकतो आणि रॉड वाकतो.

"गाडी कुठली?"

"गाडीचं राहू दे, लांबी सांगतो."

"लांबीवर कापड मिळतंय ओ. शॉकअप गाडीवर मिळतोय."

काउंटरपाशी स्टुलावर एक आजोबा बसले होते. मांडीवर चंची, हातात अडकित्ता. क्लच वायरसाठी आले होते. वायर कधीच मिळाली होती, पण दुकानात पंखा होता.

"गाडी उंच कशापायी केलीया?"

"शेताच्या वाटेनं खाली घासते, आजोबा."

"मग आता त्ये मधलं हाऊसिंग दगडाला लागायचं न्हाई?"

आता यावर खरं सांगणं भाग होतं. म्हटलं, हाऊसिंग टायरच्या जिवावर उभं असतं, ते वर यायला टायरच मोठा पाहिजे. पाटे उचलल्यानं चेसी, सायलेन्सर, टाकी वर जाते आणि मोठ्या टायरला मडगार्डात जागा होते.

"मग टायर मोठं घातलंस?"

"अजून नाही."

"म्हंजे पैसं दिलं, आन् दगूड हाय तिथंच."

काउंटरवरची पोरं फिदीफिदी हसली. अजून राग येतो. अहो, आधी मोठे टायर घातले असते तर ते पहिल्याच वळणावर मडगार्डाला घासले असते, क्रम हाच असतो! पण लोक हसायला लागल्यावर क्रम कोण ऐकतंय? वर आजोबांनी आरटीओ काढला. मूळ रचनेत बदल केला की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, हे मला ठाऊक आहे. शेतातल्या दगडाला नाही.

खरं तर विचारायच्या गोष्टी वेगळ्या होत्या, त्या कुणीच विचारल्या नाहीत. जादा पाट्यानं थप्पी जाड होते, म्हणून पाटे हाऊसिंगला बांधणारे यू-बोल्ट लांब लागतात, आणि तेही नवे. जुने एकदा ताणलेले असतात, ते परत तशी पकड देत नाहीत. नवेसुद्धा दोनेकशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. चेसीवरून हाऊसिंगवर येणारा रबरी ब्रेक पाइप चाक लोंबकळल्यावर तंग होतो का, ते हात लावून बघायचं. आणि पाट्याचे नि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला धरणारी कडी) रबरी बुश गाडी घोडीवर असताना कधीही कचकून आवळायचे नाहीत. बोल्ट नुसते घालायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा हलवून बसू द्यायची, मगच पाना लावायचा. हवेत आवळलं तर गाडी खाली येताच रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. गॅरेजवाल्याला हे सांगा. तो "हो हो" म्हणतो, पाना घेतो आणि हवेतच आवळतो. कारण उभ्यानं आवळायला सोपं जातं.

असो. दुकानदारानं अखेर एक खोकं काढलं. "ह्यो बसतोय बघा, लांब हाय." खोक्यावर एमआरपी होती, बॅच नंबर होता, होलोग्राम होता, नकली मालापासून सावध राहायची सूचना होती. लांबी नव्हती. आत गॅसचा शॉकअप, मिटवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधलेला. पट्टी कापली की तो आपोआप उघडतो, आणि हातानं मिटवून पट्टीत परत बांधायचा म्हणजे दोन माणसांचं काम.

मी टेप काढली. "पट्टी कापा, उघडा किती होतो बघू."

"पट्टी कापली की माल तुमचा."

"मापल्याशिवाय घेऊ कसा?"

"घेतल्याशिवाय कापू कसा?"

यावर दुकानात शांतता पसरली. दुकानदाराचं चूक नव्हतं, माझंही नव्हतं. ज्यानं खोकं छापलं तो दोन आकडे टाकायला विसरला होता आणि त्यापायी आम्ही दोघं एकमेकांकडे चोरासारखे बघत होतो. कारखान्याकडे माप असतंच की, त्याशिवाय शॉकअप बनतो का? मग छापायला काय जातं?

"द्या हिकडं," असं म्हणत आजोबांनी शॉकअप मांडीवर घेतला आणि अडकित्त्यानं पट्टी कचकन कापली.

रॉड सुस्स करत बाहेर आला. टेप लावली. ५२५.

"पाच मिलीनं काय हुतंय," आजोबा म्हणाले. पाच नाही, पंचवीस, मी म्हटलं. त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

दुकानदार तोवर बिलबुक उघडून बसला होता. "नाव काय घालू?"

मी आजोबांकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस? अडकित्ता माझा हाय, गाडी तुझी."

शॉकअप जोडीनंच विकतो म्हणाला. न कापलेलासुद्धा घ्यावा लागला.