धूर काढून शॉर्ट सापडत नाही

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या नागपूरकरांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरतो आहे. अँबेसेडर किंवा पद्मिनीचा फ्यूज सारखा उडत असेल, तर त्या जागी मोठ्या अँपियरचा फ्यूज नाहीतर तांब्याची तार लावा. धूर निघेल तिथे शॉर्ट, म्हणजे आवरण फाटून वायर पत्र्याला टेकलेली. तसं जमलं नाही तर मीटर लावा, बीप वाजली की वायर खराब. रात्रीत बॅटरी उतरली तर तोही शॉर्टच. आणि एवढं करण्यापेक्षा सगळं वायरिंगच बदला. यातला पहिला सल्ला गाडी पेटवू शकतो. म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

धूर शॉर्टच्या जागीच निघतो, हे गृहीतच चूक आहे. वायर सगळ्या लांबीभर तापते, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. आधी जळतो तो भाग, जिथे वायर बारीक आहे किंवा जुडग्यात दबल्यामुळे तिला हवा लागत नाही. शॉर्ट डिकीच्या बिजागरीपाशी असतो आणि धूर डॅशबोर्डमागून येतो. तोवर आवरण वितळून शेजारच्या वायरी एकमेकींना चिकटलेल्या असतात, म्हणजे एका दोषाचे चार झाले. साधं पीव्हीसी आवरण साधारण ७० अंशांपर्यंतच्या कामाचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो आणि बोनटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं; वायरीला सोसायला उरतं तरी किती? त्यात पेट्रोलच्या टाकीतल्या फ्लोटची वायरही मागेच जाते. तिथे धुराची वाट पाहत उभं राहायचं?

पुष्कळ जण नकळतच मोठा फ्यूज टाकून बसलेले असतात. लुकास (गाड्यांचे विजेचे भाग बनवणारी ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा तो उडण्याचा असतो. सतत वाहायचा करंट त्याच्या जवळपास निम्मा, १७ अँपियर. आजच्या फ्यूजवर मात्र सतत वाहायचा करंट लिहितात. ‘३५च्या जागी ३५’ म्हणून नवा फ्यूज बसवला की संरक्षण निम्मं झालं.

योग्य रीत स्वस्त आहे. उडालेला फ्यूज काढा आणि तो बसतो त्या खाचेच्या दोन टोकांना १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. पुढे थेट शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडानं पेटेल, आणि वायरीतून पावणेदोन अँपियरपेक्षा जास्त करंट जाणारच नाही. आता निवांत शोधा. त्या फ्यूजवरची एकेक शाखा तिच्या जोडापाशी सोडवा. ज्या शाखेनं बल्ब विझला किंवा एकदम मंदावला, दोष तिच्यात. मग ती शाखा परत जोडा आणि वायर हातानं हलवत पुढे सरका. बल्ब लुकलुकला की जागा सापडली. आधी बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातलं कडक झालेलं रबर, डिकीची बिजागरी, स्टीअरिंगच्या नळीतली हॉर्नची वायर, मागच्या दिव्यांचे गंजलेले होल्डर, आणि उंदरांनी कुरतडलेला कुठलाही कोपरा. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा ज्या गाड्या पाण्यात होत्या त्यांचे जमिनीलगतचे जोड तर आधी उघडून पाहावेत.

मीटरच्या बीपवर वायर बाद करू नका. २१ वॅटच्या बल्बचा पेटल्यावरचा रोध सात ओहमच्या आसपास असतो, पण थंड तारेचा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. असे चार बल्ब एका फ्यूजवर असले की निरोगी सर्किटही मीटरला शॉर्टच वाटतं. आधी बल्ब काढा, मग मोजा.

बॅटरी रात्रीत उतरणं हा बहुतेक वेळा शॉर्ट नसतोच. थेट शॉर्ट रात्रभर थांबत नाही, तो फ्यूज उडवतो नाहीतर वायर जाळतो. रात्रीचा चोर छोटा असतो: केबिनचा पाच वॅटचा दिवा दहा तासांत चार अँपियर-तास खातो, अशक्त बॅटरीला तेवढं पुरतं. डायनॅमोच्या गाडीत कटआउटचे (इंजिन थांबलं की डायनॅमो बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटले तर करंट उलटा डायनॅमोत जातो, अल्टरनेटर असेल तर डायोड गळतो. निगेटिव्ह केबल सोडून मधे अँपिअरमीटर लावा (त्या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटर जळेल). जिला घड्याळ-रेडिओ नाही त्या जुन्या गाडीत आकडा शून्याच्या जवळ हवा.

राहिलं सगळं वायरिंग बदलणं. वायर वाकवली की आवरण तडकत असेल, तर जरूर बदला. तिथे माझा विरोध नाही. पण एका शॉर्टसाठी पूर्ण हार्नेस (गाडीतल्या वायरींचं अख्खं जुडगं) काढला, आणि नवी वायर त्याच धारदार भोकातून रबराशिवाय ओवली, तर तोच दोष परत येतो. बॉडी अर्थचा, म्हणजे करंट पत्र्यातून परत जातो त्या जोडाचा गंजही तसाच राहतो. शिवाय बाजारातल्या एकरंगी वायरींनी मूळ रंगांची खूण पुसली जाते. लुकासच्या रीतीत तपकिरी म्हणजे बॅटरीची थेट वायर, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, काळी अर्थची. तपकिरी आणि पांढरीवर जुन्या गाड्यांत सहसा फ्यूजच नसतो, म्हणून तिथला शॉर्ट फ्यूज न उडवताच वायर जाळतो. वायर बदलायचं काम सुरू करण्याआधी बॅटरीची केबल काढायची ती याचसाठी. हार्नेस बदलायचाच असेल तर कारागिराला हेच रंग वापरायला सांगा, आणि जुनं जुडगं फेकण्याआधी प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून घ्या.