सेन्सर लावले म्हणजे काळजी मिटली, हे खरं नाही

गेले काही दिवस एक मेसेज ग्रुपांवर फिरतोय. आई-वडील एकटे राहत असतील तर घरात कॅमेरे नकोत, छोटे सेन्सर लावा. ते काही बघत नाहीत, त्यामुळे खाजगीपणा शाबूत राहतो. कोणी पडलं तर तत्क्षणी तुमचा फोन वाजतो. वयस्कर माणसांना काही करावं लागत नाही, त्यांच्या लक्षातही येत नाही. एकदा बसवा आणि निर्धास्त व्हा.

मला तो चौघांनी पाठवला, कारण माझ्या आईच्या घरी दोन वर्षांपासून असे सेन्सर आहेत. ते मला हवेच आहेत. पण या मेसेजवर विसंबून कोणी ते बसवले, तर ऐन वेळी घात होईल.

सगळ्यात धोक्याचं वाक्य आधी घेते: ‘पडलं तर तत्क्षणी कळतं.’ घरगुती संचांमध्ये बहुतेक वेळा पीआयआर सेन्सर असतो, जिन्यात माणूस आला की आपोआप दिवा लावणारा तोच. तो स्वतः काही सोडत नाही. अंगातून बाहेर पडणारे अवरक्त किरण, साधारण 7 ते 14 मायक्रोमीटर तरंगलांबीचे, तो टिपतो. समोरचं पांढरं प्लास्टिकचं भिंग खोलीचे पट्टे पाडतं, आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आत पडणाऱ्या उष्णतेत फरक होतो. त्याला कळतो तो एवढा फरकच. माणूस हलला नाही तर त्याच्या लेखी खोली रिकामी. आई दुपारी गाढ झोपली आहे की जमिनीवर निपचित पडली आहे, दोन्हींची नोंद एकच: हालचाल नाही.

म्हणून अ‍ॅप वाट बघतं. ठरवलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ शांतता राहिली, की इशारा देतं. सुरुवातीला मी ही मुदत 45 मिनिटं ठेवली. पहिला आठवडाभर रोज दुपारी इशारा यायचा, मी घाबरून फोन करायचे आणि आई झोपमोड झाल्यामुळे वैतागलेल्या आवाजात ‘हॅलो’ म्हणायची. वाढवत वाढवत मुदत तीन तासांवर नेली. बाथरूमसाठी वेगळी, कमी मुदत लावली आहे. पण हॉलमध्ये ती पडली तर मला कळायला तीन तास लागू शकतात. ‘तत्क्षणी’ हा शब्द कोणत्या हिशेबाने वापरलाय?

आता रडारवर चालणारे सेन्सर आले आहेत, त्यातले बरेच 60 गिगाहर्ट्झचे. ते श्वासाबरोबर होणारी छातीची हालचालही टिपू शकतात आणि पडणं ओळखण्यासाठी खास विकले जातात. ते नक्कीच जास्त हुशार आहेत. तरी प्रत्येकाचा आवाका साधारण एका खोलीपुरता, आणि धपकन खाली बसणं म्हणजे पडणं असा त्यांचाही गैरसमज होतो. गळ्यातलं आणीबाणीचं बटण सेन्सर आले म्हणून काढून ठेवू नका.

‘बघत नाहीत, म्हणून खाजगीपणा शाबूत’ हे अर्धंच खरं आहे. चित्र उमटत नाही, हे कबूल. पण दिनक्रम उमटतो. संशोधक जॉर्ज हार्ट यांनी 1980च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात दाखवलं होतं, की घराबाहेरच्या एका वीजमापनावरून आत कोणतं उपकरण कधी चालू-बंद झालं ते ओळखता येतं. यातून माणसांवर पाळत ठेवता येईल, असा इशाराही त्यांनीच 1989 मध्ये लेख लिहून दिला. तेव्हा घराच्या आत काही बसवावंही लागलं नव्हतं.

आमच्याकडे हे कसं घडलं ते सांगते. रात्री 12 ते 5 या वेळात बाथरूमच्या नोंदी एरवी दोन असतात. एका आठवड्यात त्या चार झाल्या, मग पाच, मग सहा. मी फोन करून विचारलं, ‘आई, रात्री सारखं उठावं लागतंय का?’ ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘तुला कसं कळलं?’ त्या आवाजात संकोच होता. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला, वेळेवर औषध मिळालं. सेन्सरचा सगळ्यात मोठा उपयोग आम्हाला त्या दिवशी झाला. आणि आईने मला न सांगितलेली, कदाचित सांगायचीही नसलेली गोष्ट मी पडद्यावर मोजत बसले होते, तेही त्याच दिवशी.

त्यामुळे ‘त्यांच्या लक्षातही येत नाही’ याचा मला राग येतो. अंगावर काही घालायचं नाही, चार्ज करायचं नाही, ही सोय मोठीच आहे, विशेषतः विसरभोळेपणा वाढू लागल्यावर. पण लक्षात न येणं म्हणजे विचारण्यातून सुटका नव्हे. घर तिचं आहे.

राहिलं ‘निर्धास्त व्हा’. इंग्लंडमध्ये सुमारे 2,600 जणांवर घरातल्या अशा दूरदेखरेखीची वर्षभर चाचणी झाली. रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही. याउलट अमेरिकेत मिसूरीमधल्या टायगरप्लेस या ज्येष्ठांच्या वसाहतीत सेन्सरमुळे दुखणी लवकर लक्षात आली. पण तिथे इशारा पोचायचा तो परिचारिकांकडे, आणि त्या जाऊन माणसाला भेटायच्या. माझ्याकडे इशारा येतो तेव्हा मी मीटिंगमध्ये असते किंवा प्रवासात. आईच्या शेजारच्या मावशींकडे किल्ली नसती, तर माझ्या फोनवरच्या त्या लाल खुणेचा काही उपयोग नव्हता. मेसेजमध्ये किल्लीचा उल्लेखही नाही.

सेन्सरची खरी ताकद सावकाश होणारे बदल टिपण्यात आहे. अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यातल्या संशोधकांनी घरांच्या छतावर ओळीने सेन्सर बसवून लोकांची रोजची चालण्याची गती वर्षानुवर्षं मोजली. स्मरणशक्ती आणि आकलन किंचित मंदावू लागलेल्यांमध्ये त्या गतीतल्या चढउताराची ठेवण वेगळी दिसली. डॉक्टरांसमोर दहा पावलं चालून हे दिसत नाही.

रात्रीच्या उठण्याबद्दलच्या त्या फोननंतर आईने आणि मी बसून नव्याने ठरवलं. बेडरूममधला सेन्सर तिने मला काढायला लावला. बाथरूमचा ठेवला, तोही तिच्याच म्हणण्यावरून. आठवड्याचा आलेख आता आधी तिच्या फोनवर जातो. ती बघते, आणि वाटलं तर मला पाठवते. गेल्या दोन आठवड्यांचा पाठवलेला नाही. मी मागितलेलाही नाही, रोज संध्याकाळी फोन मात्र करते.