हिवाळी टायर आणि निफाडची आत्या

मोटारीतली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे टायर. नवी गाडी दारात आली की लोक रंग बघतात, स्क्रीनवर बोटं फिरवतात, मागच्या सीटवर बसून उगाच दोन उड्या मारतात, पेढा खातात आणि जातात. खाली वाकून "वा, टायर काय सुरेख आहेत हो" असं म्हणणारा पाहुणा मला आजवर भेटलेला नाही. पण तेच टायर बदलायला झालेत एवढं नुसतं म्हणून बघा. सोसायटीच्या वॉचमनपासून सासऱ्यांपर्यंत प्रत्येकाचं त्यावर मत निघतं, आणि प्रत्येकाचं वेगळं.

आमची वॅगनआर. टायर झिजल्याचा शोध मी लावला नाही, पंक्चरवाल्याने लावला. टायरच्या खाचेत तळाशी एक बारीकसा रबरी उंचवटा असतो, 1.6 मिलिमीटरचा. वरची नक्षी झिजत झिजत त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. त्याने नखाने तो उंचवटा मला शोधून दाखवला. तो शोधावा लागतच नव्हता, हाताला सपाटच लागत होतं. "काका," तो शांतपणे म्हणाला, "आता पावसात गाडी तुम्ही नाही, पाणी चालवणार." इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस ज्याने काचेतून पाहिलाय, त्याला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहज लिहिलं, टायर घ्यायचेत. मेव्हण्याने लगेच अलॉय व्हीलचे फोटो टाकले. चुलतभावाने कळवलं, "थांब जरा, दिवाळीत ऑफर असते." दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आणि भाच्याचा तर थेट जर्मनीहून फोनच आला.

"मामा, उन्हाळी घेतोयस की हिवाळी?"

आमच्या घरात ऋतूप्रमाणे बदलतात त्या वस्तू दोन. माठ आणि गोधडी. टायरचाही त्यात नंबर लागतो हे ऐकून मी खुर्ची ओढून बसलो. भाचा श्टुटगार्टला नोकरीला आहे आणि त्याने तिथे एक जुनी छोटी गाडी घेतली आहे. तिला टायरांचे दोन संच, तेही रिमसकट. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होत जातं आणि पारा 7 अंशांच्या खाली गेला की त्याची पकड सुटायला लागते. हिवाळी टायरचं रबर मऊ, त्यात सिलिका जास्त, आणि नक्षीत केसासारख्या बारीक चिरा, ज्या बर्फात रुततात. मग तेच बारा महिने का वापरत नाहीत? तर ते उन्हात भराभर झिजतात आणि ब्रेक दाबल्यावर गाडी हवी तिथे न थांबता थोडी पुढे जाऊन थांबते. म्हणून ऑक्टोबरात हिवाळी चढवायचे आणि ईस्टरला उतरवायचे. रस्त्यावर बर्फ असताना उन्हाळी टायरवर सापडलात तर 60 युरो दंड आणि वर चालकाच्या नावावर दंडाचा एक पॉइंट. टायरवर नुसतं 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेलं 2024 च्या ऑक्टोबरपासून तिथे चालत नाही, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्रच लागतं.

फोन स्पीकरवर होता. "तीनच शिखरं?" आई आतून म्हणाली. "आपल्या सप्तशृंगीच्या गडावर सात आहेत म्हणावं."

"पण मग उरलेली चार चाकं ठेवतोस कुठे?" मी विचारलं.

"हॉटेलात."

हे खरं आहे. तिकडे टायरांची हॉटेलं असतात. गॅरेजवाले तुमची चाकं धुऊन, नावाची चिठ्ठी लावून, पुढच्या ऋतूपर्यंत भाड्याने सांभाळतात. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "टायर हॉटेलात उतरलेत," ती म्हणाली, "आणि हे पोरगं तिघांत एक मोरी वापरतंय!"

फोन संपला, पण ते 7 अंश माझ्या डोक्यातून जाईनात. कारण नाशिक म्हणजे काही कोकण नाही. इथे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, आणि निफाडला त्याहूनही खाली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि तो पाच-सहावर आला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. आणि निफाडला माझ्या बायकोची आत्या राहते. म्हणजे जर्मन हिशोबाने नांदूर नाका ते चांदोरी उन्हाळी टायर, चांदोरीला उतरून हिवाळी चढवायचे, आत्याकडे हुरडा खायचा, आणि येताना पुन्हा उलटं. मी हे कागदावर मांडून बायकोला दाखवलं. तिने कागद वाचला, उलटा करून त्यावर किराणा लिहायला घेतला आणि म्हणाली, "अहो, नवाला निघू. तोवर ऊन येतं."

नाशकातल्या द्वारका चौकाच्या पुढे महामार्गालगत टायरच्या दुकानांची रांग आहे. त्यातल्या एका शेठना मी जाऊन रीतसर विचारलं, थंडीचे टायर ठेवता का. शेठनी चष्म्यावरून बघितलं. "थंडीत टायर तोच राहतो सर, हवा कमी होते," ते म्हणाले. हे मात्र सोळा आणे खरं निघालं. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरातली हवा जवळपास दोन पीएसआयने (हे हवेच्या दाबाचं माप) उतरते. नाशकात हिवाळ्यात दुपार तिशीला टेकते आणि पहाट दहाच्या आसपास असते. म्हणजे दुपारी पंपावर नीट भरलेली हवा पहाटे चार पीएसआयने गायब, आणि आपण सकाळी उठून पंक्चरवाल्याला फोन लावणार. म्हणून हवा थंड टायरात, गाडी फार न चालवता मोजायची असते आणि किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. तरी पंपावरचा पोरगा "चाळीस मारू?" हेच विचारतो. स्टिकर त्याने कधी वाचलेलं नाही, आणि बरेच मालकही त्याच पंथाचे.

मग शेठनी टायर काढून समोर उभा केला आणि मी पहिल्यांदाच त्याची कड नीट वाचली. काय नाही त्यात! अख्खी जन्मपत्रिका आहे ती. 165/70 आर 14, 81 एस. रुंदी 165 मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या 70 टक्के, आर म्हणजे रेडियल, 14 इंची रिम. 81 म्हणजे एक टायर 462 किलो पेलतो, हे वाचून आमच्याकडच्या लग्नाची वऱ्हाडी मंडळी आठवली आणि जरा धीर आला. एस म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत बिनघोर. मुंबई नाक्यावरून द्वारकेपर्यंत यायला मला जेवढा वेळ लागला होता, तो आठवून मी त्या एसवरून नुसता हात फिरवला. आणि शेवटी चार आकडे, जन्मतारीख. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू दुकानात नेहमी भिंतीकडे का असते हे मी शेठना विचारलं. शेठनी पोऱ्याला चहा सांगितला. मग स्वतःच टायर फिरवला. दोन वर्षांचा होता. "गोडाऊनमध्ये सावलीत होता सर," ते म्हणाले, जणू थंड हवेच्या ठिकाणी शिकायला ठेवला होता. मी ताजा मागितला, आणि ताजा निघालाही, त्याच रांगेत मागून.

कंपनीचा प्रश्न मी लांबवणार नाही. सिएटचा कारखाना इथेच सातपूरला, त्यामुळे नाशकात निम्म्या लोकांचा कुणी ना कुणी तिथे कामाला असतो आणि उरलेले निम्मे हटकून दुसरी कंपनी सांगतात. मी हातात घेऊन नखाने रबर दाबून बघितलं, काहीही कळलं नाही, आणि बजेटमध्ये बसले ते घेतले.

खरी लढाई रिमची. मेव्हणा सोबत आला होता, तो दुकानात शिरल्यापासून अलॉयच्या भिंतीसमोर हात जोडल्यासारखा उभा. पंधरा इंची घेऊ, 175/60, असं त्याचं म्हणणं. हिशोबाने त्याचं चूक नव्हतं. त्या मापाचं चाक जुन्याच्या जवळजवळ एवढंच उंच भरतं, मीटरही फसत नाही. पण उंची तीच राहायची तर रिम मोठी झाली तेवढं रबर कमी होतं, आणि खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्या मधे जे काही वाचवायला असतं ते रबर आणि हवाच. सिंहस्थाच्या आधी शहरात रस्ते ज्या उत्साहाने खणले जातात, त्यात कमी कडेच्या टायरला फुगा यायला फार दिवस लागत नाहीत. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला की ती भिंतीवर टांगायला छान. "दिसतं कसं पण!" मेव्हणा म्हणाला. दिसायला छान हे मला मान्य. पण गाडी चालवताना मला माझी चाकं दिसत नाहीत, त्याची दिसतात, आणि त्याची आहेत अलॉयच.

टायर चढवणं मात्र बघण्यासारखं असतं. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, साच्यातून हवा जायच्या भोकांत राहिलेलं रबर. पोऱ्या त्यावरून हात फिरवतो, कडेला साबणाचं पाणी लावतो, टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर आणतो (टायरचा सगळ्यात हलका भाग तो), आणि हवा सोडतो. एक क्षण काही होत नाही. मग ठप्प. आणि लगेच दुसरा ठप्प. दोन्ही कडा रिमवर बसल्या. मेव्हणा दोन्ही वेळा मागे सरकला. मग बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरतं, पोऱ्या छोटी वजनं चिकटवतो, पुन्हा फिरवतो, पुन्हा चिकटवतो, आकडे शून्यावर येईपर्यंत. शांतपणे, कानात इयरफोन घालून.

"नायट्रोजन मारू?" त्याने इयरफोन काढून विचारलं.

हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच, तो इथवर फुकट मिळत आलाय. नायट्रोजनने दाब जरा जास्त टिकतो म्हणतात, पण थंडीने तोही उतरतोच. मी साधी हवा घेतली. मेव्हण्याने मात्र आपल्या गाडीत नायट्रोजन भरून घेतला आणि व्हॉल्व्हवरच्या हिरव्या टोपणांचा फोटो ग्रुपवर टाकला. त्याला माझ्या टायरांपेक्षा जास्त अंगठे आले.

जुन्यातला एक बरा टायर स्टेपनीला गेला, दोन शेठनी वजावटीत घेतले. एक आईने मागवून घेतला, त्यात तिला अळू लावायचं होतं. अळू राहिलं, टायर पार्किंगमध्ये पडला. परवा सोसायटीचे सेक्रेटरी वहीच घेऊन दारात उभे. टायरात पाणी साठून डेंग्यूचे डास होतात, त्यामुळे कुणाचा आहे ते सांगा आणि उचला.

"आमचाच आहे," आई म्हणाली. "पण नाशकात त्याला उतरायला कुठे हॉटेल आहे का, तेवढं तुम्ही बघा."

सेक्रेटरी अजून वहीत काय लिहायचं याचा विचार करताहेत.